पेजेचे पाइप

टण्ण.

स्टीलच्या वाटीत नट पडला आणि साकोलीची अख्खी दुपार दचकली.

मे महिन्यातली दुपार म्हणजे इथे कर्फ्यूच. लाइन गेलेली, कूलर गप्प, समोरच्या नालीत कुत्री गारव्याला पसरलेली, आणि आत पलंगावर पाच वर्षांची यशोधरा, म्हणजे यशू, उताणी झोपलेली. रुचिताला दिवसभरात स्वतःचा म्हणून एवढाच वेळ मिळायचा. या वेळेत ती शिलाई मशीनशी बसायची आणि आवाज होऊ नये म्हणून मशीनचं चाक हातानंच, हळूहळू फिरवायची. त्या टण्णनं यशूची पापणी हलली. रुचितानं श्वास रोखला. पापणी पुन्हा मिटली.

"उठली का?" बैठकीतून सुगतनं कुजबुजत विचारलं.

"नाही उठली. पण ती माझी वरणाची वाटी आहे."

"होती," सुगत म्हणाला.

खरं होतं. वरणाच्या सगळ्या वाट्या आता बैठकीत होत्या आणि त्यांत नट-बोल्ट होते. इडलीपात्राच्या खळग्यांत वॉशर होते, लहानमोठे वेगळे लावून. घरात एवढी टापटीप रुचिताला लग्नानंतर पहिल्यांदाच दिसत होती, आणि ती तिच्याच भांड्यांत असल्यामुळे तिला धड कौतुकही करता येत नव्हतं. बैठकीच्या मधोमध, दोन जुन्या टायरांवर, एक इंजिन बसलं होतं. पाहुणे आले की त्यावर रुचिताच्या आहेरातली चादर टाकायची असा ठराव झाला होता. पण पाहुण्यांनाच चादरीखाली काय आहे ते पाहायचं असायचं, आणि एकदा पाहिलं की चहाचा कप टेकवायला इंजिनाचं वरचं झाकण फार सोयीचं आहे हे कुणाच्याही लक्षात यायचं.

राग यायचा तिला. पण मशीनवरून उठून पाणी प्यायला जाताना ती रोज त्या इंजिनापाशी थांबायची. त्याच्या एका अंगाला चार भोकं होती, काळी, ओळीत. आत काही दिसायचं नाही. इथून आगीचा धूर निघणार, असं सुगतनं सांगितलं होतं. एवढ्या जड लोखंडाच्या पोटात आग लागते, ती विझते, पुन्हा लागते, आणि त्यावर माणसं माहेरी जातात. ती भोकात बोट घालून पाहायची. थंडगार असायचं. मग ती बोट पदराला पुसून परत मशीनशी जायची आणि पुढचा सगळा वेळ टाका वाकडा यायचा.

हे इंजिन ज्या गाडीत बसायचं होतं ती अंगणातल्या कडुनिंबाखाली उभी होती. पांढरी अॅम्बेसेडर. रुचिताचे सासरे, डोमाजी, सरकारी खात्यात ड्रायव्हर होते आणि त्यांची सगळी नोकरी याच गाडीवर झाली. पुढे जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला, साहेब वाटले गेले, टेबलं वाटली गेली, पण ही गाडी कुणाच्याच वाट्याला आली नाही. भंडाऱ्यावाले म्हणाले ती गोंदियाची, गोंदियावाले म्हणाले ती भंडाऱ्याची. अशी ती कितीतरी पावसाळे कचेरीच्या मागे उभी राहिली, आणि अखेर लिलावात निघाली तेव्हा रिटायर झालेल्या डोमाजींनीच ती घेतली. कशीबशी खोकत, काळा धूर सोडत त्यांनी ती अंगणापर्यंत आणली. कडुनिंबाखाली आली आणि इंजिन बसलं, ते कायमचं.

विमलाबाई, म्हणजे रुचिताच्या सासूबाई, या गाडीत कधीही बसल्या नव्हत्या. सरकारी गाडीत बायको बसवायची नाही, हा डोमाजींचा नेम. एकदा माहेरी आंबागडला जाताना विमलाबाई तुमसरच्या स्टँडवर एसटीची वाट पाहत उभ्या होत्या आणि समोरून डोमाजी साहेबांना घेऊन गेले; हॉर्नसुद्धा वाजवला नाही. त्यावर विमलाबाई घरी बोलल्या असतील ते असतील. पण गाडी अंगणात आली त्या दिवशी डोमाजींनी मागचं दार उघडून सीट झटकली आणि म्हणाले, "येत्या बुद्धपौर्णिमेले तुले मांगच्या सीटवर बसवून आंबागडले नेतो. साहेबासारखी." मग थंडीत त्यांना ताप आला आणि ते गेले. येती बुद्धपौर्णिमा येऊन गेली. आता पुढची आली होती. आंबागडला विमलाबाईंचा भाऊ तेजराम यानं गावच्या विहारात मोठी वंदना ठेवली होती, आणि सुगतनं आईला शब्द दिला होता की बाबानं सांगितलं तसंच होईल.

सुगत ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. इंजिनाचे चार टप्पे तो फळ्यावर चार रंगांच्या खडूंनी काढायचा आणि मुलं शिट्टी वाजवायची, इतकं सुबक. पण फळ्यावरून खाली उतरलेलं इंजिन त्यानं हातात प्रथमच धरलं होतं. नागपूरचा भंगारवाला बाबूलाल म्हणाला, "सर, अॅम्बेसेडरचं जुनं इंजिन घेऊन काय करता, तेही मरतुकडंच भेटन. हे जपानी घ्या. मोठं हाय, दमदार हाय, चढाव लागतच नाई." आंबागडला चढाव आहे तो किल्ल्यावर जायला, गाव पायथ्याशी आहे. पण चढाव लागत नाही म्हटल्यावर सुगतला गाडी किल्ल्यावरच दिसायला लागली असावी. त्यानं मोठं इंजिन घेतलं.

परवानगीसाठी तो भंडाऱ्याला आरटीओत गेला. अर्जात इंजिन बदलण्याचं कारण विचारलं होतं. सुगतनं लिहिलं, 'आईला माहेरी न्यायचे आहे.' खिडकीतल्या बाबूनं ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं, आणि ते खोडून 'जुने निकामी' असं लिहिलं. मग म्हणाला, "इंजिन बसवून दाखवा, नंबर तपासू. सध्या कुठं आहे ते?"

"घरात," सुगत म्हणाला.

"घरावर नाही चढवता येत ते. गाडीवर चढवा."

आता या मोठ्या इंजिनात एक गोम होती. त्याच्यासोबत आलेलं धूर बाहेर काढायचं बिडाचं जाडजूड धूड गाडीच्या पोटात मावत नव्हतं. तेव्हा चार भोकांना चार वेगळे पाइप लावायचे, ते वळवत खाली न्यायचे आणि पुढे एका पाइपात मिळवायचे. याला हेडर म्हणतात, असं सुगतनं वाचून काढलं, आणि मग यशूला समजावून सांगायला बसला. यशू ऐकायला तयार असायची, एवढ्याच गुणावर तो तिला अवघडातलं अवघड सांगायचा.

"चार खोल्या आहेत. चारींत आग लागते. पण एकदम नाही, पाळीपाळीनं. प्रत्येकीचा धूर आपल्या पाइपानं निघतो. पाइप सारख्या लांबीचे असले की कुणी कुणाच्या वाटेत येत नाही."

"मग?"

"मग सगळे एका पाइपात भेटतात आणि बाहेर जातात."

"अन् मग संपते का?"

हे यशूचं ठरलेलं होतं. दूध, गोष्ट, लाइन जाणं, पावसाळा, सगळ्याबद्दल तिला एवढंच कळून घ्यायचं असायचं. सुगत म्हणाला, "हो, संपते." दारात उभी राहून ऐकणारी रुचिता मात्र तिथेच राहिली. या घरात चार माणसं होती, एक न्हाणीघर होतं, आणि सकाळी पाळी म्हणजे काय ते आजवर कुणाला जमलं नव्हतं. लोखंडाला जमतं, याचं तिला फार नवल वाटलं.

पाइप करायला आला खुशाल. हायवेवर त्याचं वेल्डिंगचं दुकान. अर्ध्या तालुक्याची फाटकं आणि ट्रॅक्टरचे सायलेन्सर त्याच्या हातचे. त्यानं इंजिनाभोवती एक चक्कर मारली.

"सर, कायले वळवता? सरळ वर काढू ना. बोनेटले भोक पाडू, उभा पाइप, त्यावर टपटप करणारं झाकण. दुरून समजन का सर येऊन राहिले."

विमलाबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्या गाडीत साहेब बसत होते बावा. धानाचे पोते नाई."

शेजारचे पुंडलिकराव रोजच यायचे. जवाहरनगरच्या फॅक्टरीतून तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. खिशात पेन असावं तसा त्यांच्या खिशात माप घ्यायचा कॅलिपर असायचा. घरी बायको सुलोचनाबाईंनी पोळी लाटली तर तिचीही जाडी ते नुसत्या डोळ्यांनी सांगायचे, म्हणून त्या त्यांना शेजारी पाठवून द्यायच्या. पुंडलिकरावांचं एक तत्त्व होतं आणि ते ते दिवसातून एकदा तरी सांगायचे. "जे टेबलावर आलं ते तपासाचं. टेबलाखाली काय हाय ते आपलं खातं नोहे. यानंच माणूस बिघडते, सर. टेबलाखाली पाहून पाहून."

सुगतला हे फार पटलं. मग काय, काम जोरात निघालं. खुशालनं तयार वळणाचे तुकडे आणले, काही सायलेन्सरचे, काही पंपाचे. त्यानं कापायचं, सुगतनं धरायचं, पुंडलिकरावांनी मापायचं. वेल्डिंगच्या ठिणग्या उडायच्या तेव्हा रुचिता यशूचे डोळे झाकायची आणि स्वतः बोटांच्या फटीतून पाहायची. निळा उजेड बैठकीच्या भिंतीवर, बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीवर, डोमाजींच्या फोटोवर लकलकायचा. तिची चादर दोन ठिकाणी जळाली. पण चारी पाइप जोडून झाले आणि ते चार सुसरींनी एकाच वेळी पाण्यात उतरावं तसे खाली वळून एकत्र मिळाले, तेव्हा तिला चादर आठवली नाही.

"शून्य फरक," पुंडलिकराव म्हणाले आणि खडूनं पाइपावर बरोबरची खूण केली. "पास."

कडुनिंबाच्या फांदीला चेन-कप्पी बांधून गल्लीतल्या पोरांनी इंजिन गाडीत उतरवलं. बसलं. पाइपांसकट बसलं. सुलोचनाबाईंनी पेढे आणले. सुगतनं रुमालानं बोनेट पुसलं आणि वर्गात शेवटचं समीकरण सुटल्यावर उभा राहतो तसा उभा राहिला.

इकडे रुचिताला बैठक परत मिळाली होती. तिनं वाट्या घासायला टाकल्या, फरशी धुवायला काढली आणि दिवाणाखाली झाडू घातला. झाडू कशाला तरी अडला. ओढून काढलं तर लांब लोखंडी दांडा. काळा, जड, एका टोकाला खाचा असलेला. ती तो दोन्ही हातांत धरून बाहेर आली.

"अहो, हे कुठं लागते?"

अंगणात सगळ्यांच्या तोंडातले पेढे तोंडातच राहिले.

सुगतनं दांडा घेतला. तो स्टिअरिंगचा दांडा होता. जुनं इंजिन बाहेर काढायला अडचण होते म्हणून त्यानंच तो सोडवून दिवाणाखाली जपून ठेवला होता. जुन्या इंजिनाचा धूर डाव्या अंगानं निघायचा. या जपान्याचा निघत होता उजव्या, आणि स्टिअरिंगही उजव्या. सुगतनं दांडा त्याच्या भोकातून हळूच आत सारला. तो गेला, गेला, आणि तिसऱ्या पाइपाला टेकून थांबला. बरोबरच्या खुणेवरच.

पुंडलिकराव वाकले. कॅलिपर लावून पाहिलं. "पाइपात काईच दोष नाई," ते म्हणाले. "दांडा चुकीच्या जागी हाय."

"सर, स्टिअरिंग डाव्या बाजूनं घेऊन पाहू का?" खुशाल म्हणाला. "फॉरेनात तसंच राह्यते म्हणतेत."

सुगत ओट्यावर जाऊन बसला. संध्याकाळी कॉलेजातली मुलं सायकलवरून गेली. "सर, गाडी झाली का?"

"तत्त्वतः झाली," सर म्हणाले.

त्या दिवशी त्यानं कुणालाच काही समजावून सांगितलं नाही, यशूलासुद्धा. खुशालनं वाकडं कापून पाहिलं, मग वेगळं वाकडं कापून पाहिलं. इंजिन आत आणि अंधार, दांड्याला चुकवावं तर पाइप चेसिसला लागायचा, चेसिसला चुकवावं तर दांड्याला. हात घालायलाच जागा नाही तर मोजायचं कशानं? पुंडलिकरावांचा कॅलिपर आत पडला तो दुसऱ्या दिवशी चुंबकानं काढावा लागला. पौर्णिमा जवळ आली होती.

विमलाबाईंनी पौर्णिमेसाठी आणलेली पांढरी सुती साडी खुंटीवरून काढली, घडी घातली आणि पेटीत ठेवली. रुचिता त्याच साडीवरचं पोलकं शिवत होती.

"राहू दे वो पोरी. घाई नोको करू. यष्टीनं जाऊ. यष्टी काई वाईट नाई."

"आत्या, होईल ना."

"मी काई म्हणून राहिली का? त्यायच्या राज्यात बी यष्टीनंच जात होती मी." पेटीची कडी लावून त्या तिथेच थोडा वेळ बसल्या. "सुगतले काई नोको म्हणू. बापासारखा हाय. बोलत नाई अन् जेवत बी नाई."

रुचिताला ते पोलकं पुढे शिववेना आणि सोडवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं हट्टानं ती साडी पेटीतून काढली. भाताची पेज काढून ठेवली होती; त्यात साडी बुचकळली, पिळली आणि कडुनिंबाच्या फांदीवर वाळत टाकली. कडक पेज, विमलाबाईंना आवडते तशी. दुपारी यशू झोपल्यावर ती साडी काढायला गेली. उन्हानं साडी खडखडीत वाळली होती. तिनं ती फांदीवरून उचलली तर साडी फांदीच्या आकारातच राहिली. फांदी झाडावरच राहिली होती, पण फांदीचं वळण रुचिताच्या हातात होतं.

ती उन्हात तशीच उभी राहिली. मग गाडीचं उघडं बोनेट तिला दिसलं.

त्या दुपारी मशीनचं चाक तिनं पायानंच चालवलं, यशू उठली तर उठली. विमलाबाईंचं जुनं हिरवं लुगडं फाडून चार लांब नळ्या शिवल्या, पाइपाच्या उरलेल्या तुकड्यावर गुंडाळून माप घेऊन. त्यांत धानाचा कोंडा ठासला. मोठ्या पातेल्यात पेज घेतली, नळ्या त्यात भिजवल्या आणि ती बोनेटखाली शिरली.

आत लोखंडाचा, तेलाचा आणि कडुनिंबाच्या पाल्याचा वास होता. उजेड फटींतून यायचा. ओल्या, गिळगिळीत नळीचं एक टोक तिनं पहिल्या भोकाला लावलं आणि दुसरं खालच्या तोंडापाशी नेलं. मध्ये दांडा होता. नळी त्याच्याभोवती आपणहून वळली. बाळ कडेवर बसतं तशी. दोन बोटं जागा सोडून तिनं ती दोऱ्यानं बांधली. दुसरी. तिसरी सर्वांत द्वाड, ती दांड्याखालून घ्यावी लागली. चौथी. लोखंडाच्या त्या गुंत्यात प्रत्येकाला वाट होती, फक्त ती हातानं शोधायची होती. तिला कुणाशी तरी हे बोलावंसं वाटलं, पण तिथे फक्त इंजिन होतं, म्हणून तिनं त्याच्यावर हात ठेवला. उन्हानं ते तापलं होतं. अंगात धुगधुगी असावी इतकं.

संध्याकाळी सुगत आला आणि बोनेटपाशी उभा राहिला. त्यानं नळीवर टिचकी मारली. ठक, असा आवाज आला.

"हे कसं केलंस?"

"साडीला लावते तेच."

त्यानं वाकून दांड्याखालून जाणाऱ्या नळीवर बोट फिरवलं. मग म्हणाला, "तिसऱ्याचं वळण… मला सुचलंच नसतं." आणि आत जाऊन पोटभर जेवला.

सकाळी खुशाल नमुने घ्यायला आला तर बोनेटखाली दोनच नळ्या. बाजूला सुलोचनाबाईंची बकरी उभी, तोंडातून हिरव्या लुगड्याची किनार लोंबत असलेली.

"पेज अन् कोंडा," सुलोचनाबाई गाल हातात धरून म्हणाल्या. "तिले वाटलं आपल्यासाठीच ताट वाढलं. मी रोज हेच तर देतो वो तिले."

पुंडलिकरावांनी उरलेल्या दोन नळ्या तपासल्या. "एक अन् चार तिनं सोडले. दोन अन् तीन खाल्ले. म्हणजे ते बरोबर असतीन."

"तुम्ही घरी चला," सुलोचनाबाई म्हणाल्या.

लुगडं अजून शिल्लक होतं. रुचितानं पुन्हा शिवलं, पुन्हा भरलं, आणि या खेपेला नळ्या वाळेपर्यंत सुलोचनाबाई स्वतः छत्री आणि काठी घेऊन गाडीशेजारी खुर्ची टाकून बसल्या. खुशालनं एकेक नमुना काढून नेला, त्याच्याशी लोखंड लावून लावून कापलं, जोडलं. चार पाइप परत आले. दांडा आत सारला. तो गेला, गेला, आणि थांबला नाही. सुगतनं स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. दांडा पाइपांच्या मधून असा फिरत होता, जणू ती जागा त्याच्यासाठी कुणी राखून ठेवली होती. रुचिता वाकून पाहत राहिली. लोखंडाला तिच्या सासूच्या लुगड्याचं वळण आलं होतं, आणि हे आता कुणाला सांगूनही खरं वाटलं नसतं.

"मांगचा सायलेन्सर बी बदलून टाकू," खुशाल म्हणाला. "जुना हाय, आतून भरला असन."

"तो राहू दे," विमलाबाई ओट्यावरून म्हणाल्या. "त्यायनं सोताच्या हातानं बसवला होता."

आरटीओच्या तपासणीचं शिबिर साकोलीत लागलं तेव्हा पोरांनी गाडी ढकलत नेली, कारण बॅटरीत अजून दम नव्हता. साहेबांनी इंजिनाचा नंबर पाहिला, चारी पाइप पाहिले, तिसऱ्यापाशी जरा जास्त वेळ पाहिलं. "चालते का?"

"ढकलली की चालते," सुगत म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. कागदावर सही झाली.

पौर्णिमेची सकाळ. गल्ली पांढरी झाली होती. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे. विहारात जायला निघालेले सगळे आधी कडुनिंबाखाली जमले. बॅटरी नेहमीसारखीच, म्हणून ढकलायचं ठरलं. पुंडलिकराव इस्त्रीच्या कुर्त्यात डिकीला हात लावून उभे, बाजूला खुशाल, मागे पोरं. विमलाबाई कडक पेजेच्या साडीत फाटकापाशी.

"माय, बस ना," सुगत म्हणाला.

"चालू झाल्यावर बसन. ढकलत जाची असन तर यष्टी बरी."

सुगत आत बसला. पोरांनी जोर लावला. गाडी हलली, चार पावलं गेली, सुगतनं क्लच सोडला. गाडीनं एक आचका दिला. मग मागून धडाम असा बार झाला आणि सायलेन्सरमधून एक काळा ढग निघाला. इतक्या वर्षांची काजळी, एका दमात, सगळी.

ढग विरला. पुंडलिकराव डोक्यापासून गुडघ्यापर्यंत काळे होते. फक्त चष्म्यामागचे डोळे पांढरे. खुशालला तसा फारसा फरक पडला नव्हता. पोरं एकमेकांकडे बोट दाखवत होती. आणि त्या सगळ्या गोंधळाच्या खाली, हळू, भरदार, एकसारखा, एक आवाज चालू राहिला होता. चार खोल्यांतली आग पाळीपाळीनं लागत होती. रुचितानं बोनेटवर तळवा ठेवला. तिच्या हातातून तो आवाज कोपरापर्यंत चढला आणि तिच्या डोळ्यांत पाणी का आलं ते तिला कळेना.

मग तिनं सासूकडे पाहिलं. पांढऱ्या साडीवर, खांद्यापासून निऱ्यांपर्यंत, काळे ठिपके उडाले होते. गालावरही. रुचिता ओला रुमाल घेऊन धावली.

"आत्या, थांबा, दुसरी साडी काढते. पाच मिनिटं."

विमलाबाईंनी तिचा हात धरला. "राहू दे."

"अहो, विहारात…"

"काहून पुसतं? हे याचं नोहे." त्यांनी मानेनं इंजिनाकडे दाखवलं. "थो तर आत्ता कुठं पह्यला दम घेऊन राहिला. एवढी काजळी कधी केली त्यानं? हे त्यायचं हाय. रस्त्याभर काळा धूर सोडत आणली ना गाडी, या झाडाखालवर. तवाचं अटकून होतं." त्यांनी बोटानं गालावरची काजळी टिपली, बोटाकडे पाहिलं आणि पुसलं नाही.

सुगत गाडी चालू ठेवून खाली उतरला. त्यानं मागचं दार उघडलं आणि दाराला धरून बाजूला उभा राहिला. डोमाजी साहेबांसाठी उभे राहायचे तसाच. त्यानं ते लहानपणी कचेरीच्या फाटकातून पाहिलं असणार. विमलाबाईंनी एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं, कुणी काही म्हणतं का म्हणून. मग त्या आत बसल्या, डाव्या बाजूला, काठावर. थोड्या वेळानं मागे टेकल्या.

"जेवण करूनच येजा वो बाई," पुंडलिकराव काळ्या तोंडानं म्हणाले. "घाई नोको. शून्य फरक हाय."

गाडी हायवेला लागली. वळणावर सुगतनं स्टिअरिंग फिरवलं तेव्हा रुचितानं नकळत श्वास धरला; पण दांडा फिरला, पाइप आपल्या जागी राहिले, आणि दोन्हीकडची शेतं मागे जायला लागली. तळ्यांवर ऊन चमकत होतं. विमलाबाई काचेतून बाहेर पाहत होत्या, स्टँडवर उभ्या असलेल्या बायांकडे पाहताना पदर डोक्यावर घेत होत्या आणि पुन्हा सोडत होत्या.

यशू मागच्या सीटवर गुडघ्यांवर उभी होती, मागच्या काचेला नाक लावून. आधी गाडीमागे काळी रेघ येत होती. मग ती राखाडी झाली. मग पांढरट. तुमसरच्या रस्त्याला लागेपर्यंत मागे फक्त रस्ता राहिला, मोकळा, झाडांच्या सावल्यांचा.

"आई, धूर संपला," ती म्हणाली.

"हो गं."

यशूनं आजीच्या साडीवरच्या ठिपक्यांकडे पाहिलं, मग पुन्हा मागे, रिकाम्या रस्त्याकडे. मग रुचिताच्या कानाशी तोंड आणून, आजीला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू, विचारलं,

"आई, म्हणजे आता आजोबा संपले का?"